५३-एन नंबरची बाटली

आज गिरणगावातच राहायचंय, फक्त गिरणीऐवजी प्रयोगशाळेत शिरायचंय. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट. मी लालबागचा, लहानपणी तिथे साप बघायला जायचो. आता सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेतो. त्यामुळे ही गोष्ट मला जरा जास्तच लागते.

१८९६च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग उघडकीला आला. वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या अपुऱ्या जागेत कामाला लागले. मटणाच्या रश्शावर तुपाचे थेंब सोडायचे, त्यांना धरून प्लेगचे जंतू खाली लोंबत वाढायचे. हो, तूपच! मग ते उष्णतेने मारायचे. १० जानेवारी १८९७ला पहिली लस त्यांनी स्वतःलाच टोचून घेतली. पुढे भायखळ्याच्या तुरुंगात काही कैद्यांना टोचली, काहींना नाही, आणि दोन्हींची तुलना केली. आधी स्वतःवर, मग थोड्यांवर, मग गावावर. आमच्याकडेही असंच करायचं असतं. असतं, म्हणतोय मी.

१८९९मध्ये काम परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये हललं. पंजाबातून मागणी प्रचंड वाढली. लस लवकर तयार व्हावी म्हणून हाफकिननी पद्धत बदलली आणि त्यात कार्बोलिक ॲसिड घालणं बंद केलं. उष्णतेने जंतू मरतात, मग ते कशाला?

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मुल्कोवाल गाव. त्या दिवशी १०७ जणांना लस दिली. ५३-एन या एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने गेले.

चौकशी झाली. पद्धत बदलली होती ना, मग दोष परळचाच! हाफकिनना पदावरून दूर केलं. ते ज्यू होते, परके होते, डॉक्टरही नव्हते. बोट दाखवायला सोपे.

इथे मला आमच्या ऑफिसातली एक शुक्रवारची रात्र आठवते. घाईत एक तपासणी वगळली, सोमवारी लोकांचे पैसे दोनदा कापले गेले, आणि सगळं एका नव्या मुलावर ढकललं. तपासणी वगळायला होकार देणाऱ्यांत मीही होतो. बोललो नाही.

मुल्कोवालचं पुढे काय निघालं? बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच तो वापरला गेला. म्हणजे जंतू परळहून गेलेच नव्हते. रोनाल्ड रॉससारखे शास्त्रज्ञ जाहीरपणे बाजूने उभे राहिले, आणि १९०७मध्ये हाफकिन निर्दोष ठरले.

पण माझ्यातला टेस्टर इथे थांबत नाही. परळची लस स्वच्छ होती, कबूल. तरी कार्बोलिक ॲसिड असतं तर त्या चिमट्यावरची घाण एवढी महागात पडली असती का? बाटली परळला नव्हे, गावच्या धुळीत उघडली जाणार होती. वापर तिथे, तर कसोटीही तिथेच लागते. हे म्हटल्याने हाफकिनवरचा अन्याय कमी होत नाही.

परळची खुर्ची त्यांना परत मिळाली नाही. ते कलकत्त्याला गेले. १९२५मध्ये प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं.

आमच्या त्या मुलाने लॉग तपासून होईपर्यंत राजीनामा दिला होता. मी अजून त्याला फोन केलेला नाही.