अल्फा कप्पा अल्फा : दवाखाना घेऊन कापसाच्या मळ्यात गेलेल्या कृष्णवर्णीय भगिनी

कमला हॅरिस २०२१ मध्ये अमेरिकेच्या उपराष्ट्राध्यक्ष झाल्या, तेव्हा त्यांच्या हॉवर्ड विद्यापीठातल्या दिवसांसोबत एका संघटनेचे नावही जगभर पोहोचले. ते नाव म्हणजे अल्फा कप्पा अल्फा. गुलाबी आणि हिरवा हे तिचे रंग. आपल्याकडच्या बातम्यांत ती 'कॉलेजातल्या मुलींचा क्लब' एवढ्यावरच आटोपली. या संघटनेने शंभर वर्षांहून अधिक काळ केलेले काम मात्र आंबेडकरी चळवळीतल्या प्रत्येक शिकलेल्या तरुण-तरुणीने समजून घ्यावे, असे आम्हाला वाटते.

स्थापना

अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली १८६५ मध्ये. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८६७ मध्ये, वॉशिंग्टन शहरात हॉवर्ड विद्यापीठ सुरू झाले. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या उच्च शिक्षणाचे ते मोठे केंद्र बनले. तिथे शिकणाऱ्या एथेल हेजमन या विद्यार्थिनीने पुढाकार घेतला आणि १५ जानेवारी १९०८ रोजी अल्फा कप्पा अल्फाची स्थापना झाली. अमेरिकन विद्यापीठांत ग्रीक अक्षरांची नावे घेतलेल्या विद्यार्थी संघटनांची प्रथा होती. मुलींच्या अशा संघटनेला सोरोरिटी, म्हणजे भगिनी मंडळ म्हणतात. कृष्णवर्णीय स्त्रियांनी उभारलेली ही पहिली सोरोरिटी. ज्यांच्या आजी-आजोबांना अक्षर शिकण्याचीही मुभा नव्हती, त्या घरांतल्या मुली आता पदवीधर होत होत्या. पदवीनंतरही एकमेकींना धरून राहायचे आणि समाजाच्या कामी यायचे, हा हेतू होता.

मतभेदही लवकर झाले. १९१२ मध्ये संघटनेचे नाव आणि स्वरूप बदलण्यावरून वाद झाला. त्यातून २२ विद्यार्थिनी बाहेर पडल्या आणि जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी डेल्टा सिग्मा थीटा ही स्वतंत्र संघटना काढली. त्याच महिन्यात नेली क्वांडर यांनी अल्फा कप्पा अल्फाची कायदेशीर नोंदणी करून घेतली. फूट पडली, पण दोन्ही संघटना टिकल्या आणि दोन्हींनी सेवेचे काम वाढवले.

मिसिसिपीतले आरोग्य अभियान

संघटनेची खरी कसोटी लागली १९३० च्या दशकातल्या महामंदीत. तेव्हाच्या राष्ट्रीय अध्यक्षा आयडा लुईस जॅक्सन कॅलिफोर्नियात शिक्षिका होत्या, पण त्यांचा जन्म मिसिसिपी राज्यातला. १९३४ च्या उन्हाळ्यात त्यांनी तिथल्या होम्स परगण्यात ग्रामीण कृष्णवर्णीय शिक्षकांसाठी प्रशिक्षण वर्ग घेतला. गावांत गेल्यावर त्यांना दिसले की नुसत्या शिक्षणाने भागणार नाही. मुले उपाशी आणि आजारी होती, आणि दवाखाना कुठेच नव्हता.

पुढच्या वर्षी, १९३५ मध्ये, 'मिसिसिपी आरोग्य अभियान' सुरू झाले. त्याच्या प्रमुख होत्या डॉ. डोरोथी बोल्डिंग फेरेबी. टफ्ट्स विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतलेल्या फेरेबी यांनी वॉशिंग्टनच्या गरीब कृष्णवर्णीय वस्तीतही काम उभे केले होते. त्यांच्यासोबत परिचारिका, शिक्षिका आणि इतर कार्यकर्त्या होत्या. आपली उन्हाळी सुट्टी त्यांनी या कामाला दिली. वर्णभेदामुळे रेल्वेचा प्रवास अवघड झाला, म्हणून त्या स्वतःच्या मोटारींतून शेकडो मैल दूर मिसिसिपीला पोहोचल्या.

एका ठिकाणी दवाखाना मांडायचा आणि लोकांनी तिथे यायचे, असे ठरले होते. पण लोक आलेच नाहीत, कारण त्यांना येऊ दिले जात नव्हते. इथली कृष्णवर्णीय कुटुंबे गोऱ्या मळेवाल्यांच्या जमिनीवर वाट्याने कापूस पिकवत. बियाणे, धान्य, कपडे सगळे मालकाकडून उधारीवर घ्यायचे, आणि हिशेबाची वही मालकाच्याच हातात. वर्षाअखेरीस कर्ज फिटायचे नाही, ते वाढायचे. शहरातून आलेल्या या शिकलेल्या बायका आपल्या मजुरांना संघटित करतील, ही मळेवाल्यांची भीती होती. शेजारच्या आर्कान्सामध्ये १९३४ मध्येच अशा वाटेकऱ्यांची युनियन उभी राहिली होती.

तेव्हा फेरेबी यांनी ठरवले की लोक दवाखान्यात येऊ शकत नसतील, तर दवाखानाच लोकांकडे न्यायचा. औषधे, लसी आणि उपकरणे मोटारींत भरून त्या थेट मळ्यावर जाऊ लागल्या. घोड्यावर बसलेले, कमरेला बंदूक लावलेले मुकादम पहारा देत असत. त्यांच्या नजरेसमोर झाडाखाली किंवा चर्चच्या अंगणात तपासणी चाले. घटसर्प आणि देवी या रोगांच्या लसी टोचल्या जात. दात तपासले जात, आहार आणि स्वच्छतेची माहिती दिली जात असे.

१९३५ ते १९४२ या काळात दर उन्हाळ्यात हे काम चालले. सुमारे १५,००० मुलांचे लसीकरण झाले. महायुद्धामुळे पेट्रोल आणि टायरवर नियंत्रण आले, तेव्हा अभियान थांबवावे लागले.

सेवेपासून कायद्यापर्यंत

या अनुभवातून एक गोष्ट स्पष्ट झाली. आज लस टोचता येते, पण उद्याच्या जेवणाचे काय? आहारात भाज्या घ्या असे सांगायचे, पण भाजी लावायला जमीन कुणाची? आजाराचे मूळ गरिबीत होते आणि गरिबीचे मूळ जमिनीच्या आणि वर्णाच्या व्यवस्थेत.

१९३८ मध्ये संघटनेने वॉशिंग्टनमध्ये कायदेमंडळावर लक्ष ठेवणारे आणि हक्कांसाठी पाठपुरावा करणारे मंडळ स्थापन केले. सुरुवातीच्या सदस्यांपैकी एक, शिक्षिका नॉर्मा बॉइड, त्याच्या सूत्रधार होत्या. रोजगारातला भेदभाव, सैन्यातला भेदभाव, लिंचिंगविरोधी कायदा असे प्रश्न या मंडळाने लावून धरले. पुढे १९६५ मध्ये संघटनेने क्लीव्हलँड शहरात गरीब तरुणींसाठी सरकारी योजनेतले रोजगार प्रशिक्षण केंद्र चालवायला घेतले.

टीका आणि आपल्यासाठी प्रश्न

या संघटनेवर टीकाही झाली. सदस्यत्व पदवीचे शिक्षण घेणाऱ्या स्त्रियांपुरतेच असल्याने ती वरच्या थराची संघटना ठरते, हा आक्षेप जुना आहे. समाजशास्त्रज्ञ ई. फ्रँकलिन फ्रेझियर यांनी १९५७ मध्ये कृष्णवर्णीय मध्यमवर्गाच्या दिखाऊपणावर कडाडून टीका केली, तेव्हा अशा संघटनांचे समारंभही त्यातून सुटले नाहीत. ही टीका आम्हाला गैर वाटत नाही. समारंभ आणि सेवा एकाच संघटनेत असतात, आणि कशाला किती वेळ व पैसा द्यायचा हे प्रत्येक पिढीला नव्याने ठरवावे लागते.

१८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाबद्दलची आपली खंत बोलून दाखवली होती. शिकून वर गेलेले लोक समाजाकडे वळून पाहत नाहीत, हे त्यांचे दुःख होते. आजही आपल्या अधिकारी-कर्मचाऱ्यांच्या संघटना आहेत, जयंतीचे मोठे कार्यक्रम आहेत, वर्गणीही जमते. पण ऊसतोडीच्या फडावर, वीटभट्टीवर, वस्तीच्या शेवटच्या घरापर्यंत आपल्यातले किती डॉक्टर, वकील, शिक्षक सुट्टीत जातात? लोक शिबिराला आले नाहीत की आपण 'जागृती नाही' म्हणून मोकळे होतो. त्यांना कुणी येऊ दिले नाही का, त्यांची मजुरी बुडत होती का, हे विचारत नाही.

फेरेबी आणि त्यांच्या सहकारी भगिनींनी ते विचारले, आणि मग मोटारीत औषधे भरली. या उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या मंडळाने, आपल्या विहाराने काय करावे हे ठरवताना त्यांची आठवण ठेवू या.

जय भीम.