शनिवारतेली

कोंकणांत तेल्यांचे दोन भेद लोक ओळखीत असत. सोमवारीं घाणा न जुंपणारे ते सोमवारतेली, आणि शनिवारीं न जुंपणारे ते शनिवारतेली. हे दुसरे म्हणजे बेने इस्राएल. अलिबागेनजीक नवगांवच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या, बाकी सर्व समुद्रानें नेलें, अशी त्यांची परंपरा सांगते. या कथेच्या कालनिर्णयावर पंडितांनीं पुष्कळ वाद घातला आहे. त्याहून मोलाचा प्रश्न असा कीं, ग्रंथ हातीं नसतां नियम टिकला कसा?

विश्रांतिवाराची आज्ञा मोशेच्या शास्त्रांत अनेकदां आली आहे. निर्गमांत तिचें कारण सृष्टीच्या उत्पत्तीशीं जोडलें आहे. अनुवादांत मिसर देशांतील दास्याच्या स्मरणाशीं. दोन्हीकडे विसावा एकट्या धन्याला नाहीं. दासदासींना व गुराढोरांनाही आहे. तेल्याच्या घरीं या आज्ञेचा अर्थ अगदीं रोकडा होता. घाण्याचा बैल गोठ्यांत उभा राहिला कीं त्या दिवशींचें तेल गेलें. दर सात दिवसांनीं एका दिवसाच्या मिळकतीवर आपण होऊन पाणी सोडणें, हें लोभाला वेसण घालणें नव्हे तर काय?

तथापि प्रत्येक तेली त्या दिवशीं दास्याचें चिंतन करीत बसे असें मानणें भाबडेपणाचें होईल. पुष्कळांना कारण ठाऊकही नसेल. ‘शेमा’ तेवढा त्यांच्या मुखीं उरला होता. सुंता असो, लग्न असो, अंत्यविधि असो, तोच म्हणावयाचा. देव एकच आहे, हा त्याचा आशय. आणि सर्व अंतःकरणानें त्याजवर प्रीति करावी, ही आज्ञा अनुवादांत त्याला लागूनच आहे.

नियमाचें अंतरंग खरें दिसतें तें दारफाळणीच्या सणांत. यहुदी जगांत हा योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस. लेवीय ग्रंथांत त्या दिवशीं जिवाला क्लेश द्यावे एवढेंच सांगितलें आहे. उपवास हा शब्दही तेथें नाहीं! कोंकणांतल्या या मंडळींनीं त्याचा अर्थ आपल्या आचरणानें लाविला. पांढरीं वस्त्रें नेसून, दारें लावून घेऊन, परक्याशीं संबंध न ठेवतां दिवसभर निराहार राहावयाचें. दुसरा दिवस शिळा सण. त्या दिवशीं दानधर्म आणि गांठीभेटी. आधीं दार लावावयाचें आणि मग उघडावयाचें, हा क्रम ज्यानें घातला त्याला मनुष्यस्वभाव चांगला कळत होता.

पुढें 1796 सालीं सामाजी हसाजी दिवेकर यांनीं मुंबईंत पहिलें प्रार्थनामंदिर उभारिलें. लोक त्याला मशीदच म्हणत. एकोणिसाव्या शतकांत हिब्रू विद्या कोंकणांत परत आली, जोसेफ इझिकेल राजपूरकरांनीं प्रार्थना मराठींत आणिल्या, आणि ज्या नियमांचीं कारणें आजोबांना सांगतां आलीं नव्हतीं तीं नातवाला छापील पानावर वाचावयास मिळूं लागलीं. 1880 च्या सुमारास तर त्यांच्यांत कीर्तनें सुरू झालीं. अब्राहाम, योसेफ व मोशे यांचीं आख्यानें मराठी चालींवर, श्रोत्यांना कळेल अशा भाषेंत, रंगूं लागलीं.