मुंबईतील फ्रीमेसनरी : प्रतीके आणि परंपरेचे संक्रमण

फ्रीमेसनरीचा वारसा दीक्षेने मिळतो. जेम्स बर्न्स यांनी १८४३ मध्ये मुंबईत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज स्थापून तेथील भारतीयांना ही दीक्षा खुली केली; माणेकजी करसेटजी हे त्याचे आरंभीचे पारशी सभासद होत. नवागत तीन पायऱ्यांनी वर चढे. विधीचे शब्द तो ज्येष्ठांकडून मुखोद्गत करी. गवंड्याचा गुण्या सचोटीचे, तर कंपास संयमाचे प्रतीक म्हणून शिके. शपथ मात्र ज्याच्या त्याच्या धर्मग्रंथावर घेतली जाई. अवजारांचा अर्थ कायम राहिला, ग्रंथ बदलला. या तडजोडीमुळेच परकीय परंपरा येथील पुढील पिढ्यांना स्वीकारार्ह ठरली असे म्हणता येईल. १९६१ मध्ये भारताचे स्वतंत्र ग्रँड लॉज स्थापन झाले, तेव्हा तिचे व्यवस्थापनही भारतीयांच्या हाती आले.