ब्रेकची किंचाळी
मोटारीचा ब्रेक दाबताच येणारा तीक्ष्ण, सलग आवाज. ब्रेक पॅड फिरत्या डिस्कला क्षणभर चिकटतो, क्षणात सुटतो; या कंपनाची वारंवारता बहुधा १,००० हर्ट्झच्या वर असते. ही तक्रार डिस्क ब्रेकइतकीच जुनी आहे. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये पेटंट घेतलेल्या ब्रेकमध्ये धातूवर धातू घासत असे, आणि तो कर्णकर्कश वाजे.

निदानात आवाज केव्हा येतो हे आधी पाहावे. रायपूरमध्ये पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीच्या बिडाच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर चढतो. पहिल्या काही ब्रेकांत तो घासून गेला व आवाज थांबला, तर काळजी नको. उरला-सिलतरा या पोलाद कारखान्यांच्या पट्ट्यात रोज जाणाऱ्या गाडीत पॅडवर बसलेली धूळही तपासावी. आवाज दरवेळी येत असेल तर पॅडची जाडी मोजावी. घर्षणाचा थर सुमारे ३ मिमी उरला की पॅड बदलणे शहाणपणाचे. अनेक पॅडांवर झीज कळवणारी पत्र्याची पट्टी असते आणि ती मुद्दामच किंचाळते. याउलट खरखर ऐकू आल्यास पॅड संपून लोखंड डिस्कला लागले असण्याची शक्यता असते. अशी गाडी चालवू नये.

जाड पॅडही वाजत असेल, तर कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) अडकलेल्या पिना, निसटलेली शिम (पॅडमागची पातळ चकती) किंवा अतिउष्णतेने गुळगुळीत झालेला पॅड ही कारणे शोधतात. पॅडच्या घासणाऱ्या बाजूवर ग्रीस लावण्याचा रस्त्याकडेचा उपाय घातक आहे.