अविनाश साबळे

अविनाश मुकुंद साबळे (जन्म: १३ सप्टेंबर १९९४) हे ३००० मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीत भाग घेणारे भारतीय धावपटू आहेत. या प्रकारातील ८ मिनिटे ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम त्यांनी ७ जुलै २०२४ रोजी पॅरिस डायमंड लीगमध्ये नोंदवला.

== प्रारंभिक जीवन ==
साबळे यांचा जन्म मराठवाड्यातील बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यात मांडवा या गावी शेतकरी कुटुंबात झाला. शाळा सुमारे ६ किलोमीटर दूर होती आणि वाहनाची सोय नव्हती, त्यामुळे ते अंतर पायी किंवा धावत कापावे लागे. बारावीनंतर ते भारतीय सैन्याच्या महार रेजिमेंटमध्ये दाखल झाले. सियाचीन, राजस्थान व सिक्कीम येथे त्यांची नेमणूक झाली. धावपटू म्हणून त्यांची वाटचाल २०१५ मध्ये सैन्यांतर्गत क्रॉस कंट्री स्पर्धांपासून, म्हणजे तुलनेने उशिरा सुरू झाली. प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या आग्रहाने २०१७ मध्ये ते स्टीपलचेसकडे वळले.

== कारकीर्द ==
पुरुषांच्या स्टीपलचेसमध्ये ९१.४ सेंटिमीटर उंचीचे २८ अडथळे आणि ७ पाणउड्या असतात. येथील अडथळा साध्या हर्डलप्रमाणे पाय लागताच पडत नाही. त्यामुळे दमलेल्या धावपटूची लय एकदा चुकली, की शर्यत हातची जाते.

२०१८ मध्ये भुवनेश्वर येथे ८:२९.८० अशी वेळ देऊन साबळे यांनी गोपाळ सैनी यांचा ३७ वर्षे अबाधित राहिलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. त्यानंतर त्यांनी स्वतःचाच विक्रम अनेकदा सुधारला. २०१९ च्या दोहा जागतिक स्पर्धेतील प्राथमिक फेरीत इतर धावपटूंमुळे त्यांना अडथळा झाला. भारतीय महासंघाची दाद मान्य होऊन त्यांना अंतिम फेरीत प्रवेश मिळाला. तेथे ते ८:२१.३७ या वेळेसह तेरावे आले. टोकियो ऑलिंपिकमध्ये (२०२१) ८:१८.१२ हा नवा राष्ट्रीय विक्रम करूनही अंतिम फेरी हुकली.

बर्मिंगहॅम येथील २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेतील शर्यत त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत लक्षणीय मानावी लागेल. १९९८ ते २०१८ या काळातील राष्ट्रकुल स्पर्धांत या प्रकारातील तिन्ही पदके प्रत्येक वेळी केनियाकडेच गेली होती. साबळे यांनी ८:११.२० वेळेत रौप्यपदक मिळवून ही मक्तेदारी मोडली. सुवर्णविजेते अब्राहम किबिवोट त्यांच्यापेक्षा केवळ ०.०५ सेकंदाने पुढे होते. त्याच वर्षी त्यांना अर्जुन पुरस्कार जाहीर झाला.

२०२३ च्या बुडापेस्ट जागतिक स्पर्धेत ते प्राथमिक फेरीतच बाद झाले. थोड्याच आठवड्यांत हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेत त्यांनी ८:१९.५० या स्पर्धाविक्रमासह सुवर्णपदक पटकावले. या स्पर्धेत पुरुष स्टीपलचेसचे सुवर्ण जिंकणारे ते पहिले भारतीय होत. ५००० मीटरमध्येही त्यांना रौप्य मिळाले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठणारे पहिले भारतीय पुरुष ठरून ते अकरावे आले.

मे २०२५ मध्ये गुमी (दक्षिण कोरिया) येथे त्यांनी आशियाई अजिंक्यपद जिंकले. जुलैमध्ये मोनॅको डायमंड लीगमध्ये गुडघ्याला गंभीर दुखापत होऊन शस्त्रक्रिया करावी लागली. त्यामुळे त्यांना त्या वर्षीच्या टोकियो जागतिक स्पर्धेला मुकावे लागले.

== अन्य प्रकार ==
२०२० च्या दिल्ली अर्धमॅरेथॉनमध्ये त्यांनी १ तास ३० सेकंदांची वेळ नोंदवली. २०२२ मध्ये ५००० मीटरमधील बहादूर प्रसाद यांचा १९९२ पासूनचा राष्ट्रीय विक्रमही त्यांनी मोडला.