पेटीवरची बोटं : गोविंदराव टेंबे



महाबळेश्वरच्या डोंगरावर पाऊस लागला की भजनी मंडळाची पेटी आम्ही गोधडीत गुंडाळून ठेवतो. दमट हवेनं ती फुगते. पट्टी दाबली की वर येत नाही. श्रावणात बाहेर काढली, की ती वाजवायला खालच्या गावाहून एक काका येतात. मंडळ बायांचं, गळे बायांचे, टाळ बायांच्या हातात. पेटी तेवढी काकांकडं. काका आले नाहीत, तर भजन नुसत्या टाळांवर.

यंदा एका मैत्रिणीनं विचारलं, "पेटी आपल्यातलं कुणी का वाजवत नाही?" कुणालाच नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून आज पेटीची आणि पेटीवर नाव काढलेल्या एका माणसाची गोष्ट सांगते.

देवळातली पेटी आपल्याला आपलीच वाटते, पण ती जन्मली फ्रान्सात. १८४२ साली पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ यांनी हार्मोनियमचं पेटंट घेतलं. त्या काळात युरोपात पियानोचा बोलबाला होता. जर्मनीत क्लारा शुमान नावाची बाई पियानो वाजवायची, स्वतः रचनाही करायची. १८५६ साली नवरा वारला. पदरात मुलं होती. पियानोच्या मैफली करून तिनं घर चालवलं. पियानो मात्र अवजड. त्यात तारांवर हातोड्या पडतात. हार्मोनियमला हवा पुरते. साहेबांबरोबर ती इकडं आली, तेव्हा खुर्चीवर बसून, पायानं भाता मारून वाजवायची होती. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हातानं भाता मारायची पेटी बनवली. मग ती जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्यांची झाली, कीर्तनात आणि नाटकात शिरली.

त्या पेटीला आपल्या भागात मोठं केलं गोविंदराव टेंबे यांनी. त्यांचा जन्म १८८१ सालचा, कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचा. पेटी ते बव्हंशी स्वतःच शिकले, ऐकून आणि वाजवून. पुढं भास्करबुवा बखल्यांचं गाणं त्यांना मिळालं. बुवांच्या मैफलीत ते साथीला बसू लागले. साथ करणाऱ्यानं गाणाऱ्याच्या मागं मागं जायचं असतं. मागं जाता जाता गोविंदरावांनी गाणं आतून ओळखलं.

१९११ साली किर्लोस्कर नाटक मंडळीनं 'मानापमान' रंगभूमीवर आणलं. नाटक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं, चाली गोविंदरावांच्या. त्याआधी नाटकात साकी, दिंडी, कीर्तनातल्या चाली असायच्या. गोविंदरावांनी उत्तरेकडची ठुमरी, कजरी, होरी यांचे रंग मराठी पदांत आणले. लोकांनी ती पदं डोक्यावर घेतली.

आता इथं जरा थांबू. ठुमरी, कजरी हे गाणं तेव्हा गात कोण होतं? मुख्यतः बनारस, लखनौकडच्या गाणाऱ्या बाया. समाज त्यांचं गाणं ऐकायचा, पण त्यांना उंबऱ्याच्या आत घ्यायचा नाही. त्यांच्या गळ्यातली ढब पेटीवाल्याच्या बोटांतून मराठी नाटकात आली. नाटकात ती गायली कुणी? नायिका भामिनी झालेल्या बालगंधर्वांनी, म्हणजे एका पुरुषानं. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या नागठाण्याशी नाव जोडलं जातं, तेच हे बालगंधर्व. त्यांच्यासारखं लुगडं नेसावं, त्यांच्यासारखा गजरा माळावा, असं घरंदाज बायांना वाटायचं. तेव्हा गाणं बाईचं होतं, रूप बाईचं होतं, ऐकायला समोर बायाही होत्या. रंगमंचावर तेवढी बाई नव्हती.

यात मी बालगंधर्वांना किंवा गोविंदरावांना दोष देत नाही. बाईनं रंगमंचावर उभं राहणं तेव्हा बदनामीचं मानलं जाई. १९१३ साली गोविंदराव, बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांनी मिळून गंधर्व नाटक मंडळी काढली. त्याच साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला. त्यातली तारामतीसुद्धा पुरुषच होता, अण्णा साळुंके.

मग १९३२ साल उजाडलं. कोल्हापूरच्या प्रभात कंपनीनं 'अयोध्येचा राजा' हा बोलपट काढला. हरिश्चंद्र झाले स्वतः गोविंदराव, संगीतही त्यांचंच. तारामती झाल्या दुर्गा खोटे. चांगल्या घरातली, शिकलेली बाई. गाणीही नटनटींनी स्वतःच म्हटली. एकच गोष्ट, पण एकोणीस वर्षांत तारामती बाई झाली, आणि बाईच्या पदाला बाईचाच आवाज मिळाला.

गोविंदरावांनी पुस्तकंही लिहिली. 'माझा संगीत व्यासंग' हे त्यांतलं गाजलेलं. १९५५ साली ते गेले. गंमत अशी, की १९४० पासून ऑल इंडिया रेडिओवर पेटीला बंदी होती. पेटीचे बारा सूर जागेवर पक्के बसवलेले असतात. गळा एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो, ती मींड पेटीला जमत नाही, म्हणून ती आपल्या गाण्याला चालत नाही, असा आक्षेप होता. आक्षेप अगदीच खोटा नव्हता. पण देवळांनी, नाटकांनी, भजनी मंडळांनी पेटी सोडली नाही. १९७१ च्या सुमाराला बंदी सैल झाली. आज आपल्या रेडिओवर मी पेटीचं नाव घेतेय, तेव्हा हेही माहीत असावं.

आता मैत्रिणीच्या प्रश्नाकडं येते. पेटी आपल्यातलं कुणी का वाजवत नाही? अवघड आहे म्हणून नाही. ज्या हातांनी आपण स्ट्रॉबेरीचं नाजूक फळ न दाबता खुडतो, त्या हातांना पट्ट्या जड नाहीत. चाल तर आपल्या गळ्यात आधीच आहे. आपण फक्त पेटीसमोर कधी बसलो नाही.

आमच्या मंडळानं यंदा ठरवलंय. काकांनाच सांगितलं, "साथ करा, पण शिकवाही." ते हसले आणि हो म्हणाले. पहिल्या दिवशी तिघी बसल्या. एकीनं भाता मारला, दुसरीनं पट्टी दाबली, आणि सा निघाला. थोडा दमट होता, पण आमचा होता.

तुमच्या मंडळाची पेटी कोण वाजवतं, आम्हाला जरूर कळवा.