शिष्यवृत्तीचा अर्ज आणि गुरूचा दाखला

अकलूजच्या लावणी स्पर्धेने १९९३पासून फडावरच्या अनेक कलावंतांना प्रतिष्ठेचा रंगमंच दिला. तथापि, पारितोषिकाने वर्षभराच्या रियाझाचा खर्च भागत नाही. अशा वेळी केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची शिष्यवृत्ती उपयोगी पडू शकते. १८ ते २५ वयोगटातील कलावंतांना दरमहा ५,००० रुपयांप्रमाणे दोन वर्षे ती दिली जाते. लोककलांचाही तीत समावेश आहे. २५ वर्षांपुढील कलावंतांसाठी स्वतंत्र अधिछात्रवृत्ती असून, तिच्यासाठी प्रकल्पाचा आराखडा सादर करावा लागतो.

शिष्यवृत्तीच्या अर्जदाराने गुरूकडे अथवा संस्थेत किमान पाच वर्षे शिक्षण घेतलेले असावे लागते. फडात लहानाचे मोठे झालेल्यांकडे विद्या असते, पण कागद नसतो. म्हणून जाहिरातीची वाट न पाहता, गुरू हयात असतानाच त्यांच्याकडून शिक्षणाच्या कालावधीचा लेखी दाखला घेऊन ठेवावा.